कापलेले पैसे कुणाच्या नावावर? पॅन कार्डाचा माझा अनुभव

पॅन कार्ड म्हणजे ऑफिसात जाणाऱ्यांचं, नाहीतर शेठ लोकांचं काम, असं आमच्या चाळीत अजूनही बरेच जण धरून चालतात. मी लालबागला शिलाईकाम करते. ब्लाऊज, पिको-फॉल, शिवलेली नऊवारी, शाळेचे गणवेश. माझ्यासोबत कटिंगला एक मास्तर आहेत, एक मुलगी ओव्हरलॉक सांभाळते आणि काज-बटणाला एक काकू येतात. इतकी वर्षं पैसे रोखीत यायचे किंवा मोबाईलवरून खात्यात. बँकेतलं खातंही फॉर्म ६०, म्हणजे पॅन नसल्याचं घोषणापत्र, भरून उघडलेलं. पॅनवाचून काही अडलं नव्हतं. ते अडलं २०२४ च्या पावसाळ्यात. ज्या कारणाने अडलं ते रोजंदारीवर, पीसवर काम करणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना कळायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गणपतीच्या आधी एका केटरिंग कंपनीकडून वेटरची जॅकेटं आणि एप्रन शिवायची ऑर्डर मिळाली. कापड त्यांचं, मजुरी आमची. मजुरीचं बिल ७०,००० रुपयांचं. बिल दिलं आणि त्यांच्या अकाऊंट्स विभागातून फोन आला, "मॅडम, बिलावर पॅन नंबर नाही. पॅन असेल तर १ टक्का टीडीएस कापू, नसेल तर २० टक्के कापावा लागेल."

१ टक्का म्हणजे ७०० रुपये आणि २० टक्के म्हणजे १४,००० रुपये. काम तेच, कापड तेच, माणसं तीच. मी त्यांना विचारलं, एवढा फरक कसा? त्यांनी शांतपणे समजावलं. कंपनीने कुणालाही मजुरीच्या कामाचे एका बिलात ३०,००० च्या वर किंवा वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर पैसे दिले, तर त्यातून आयकर (हाच टीडीएस) कापून सरकारकडे भरणं तिला बंधनकारक असतं. घेणारी व्यक्ती एकटी असेल तर दर १ टक्का. पण घेणाऱ्याने पॅन दिला नाही तर कायद्यानेच २० टक्के कापावे लागतात. त्यात कंपनीच्या हातात काही नाही.

१४,००० ही रक्कम आमच्यासाठी मोठी आहेच. पण मला खरं लागलं ते त्यांचं पुढचं वाक्य. "पॅन नसेल तर हे पैसे तुमच्या नावावर दिसणार नाहीत." कापलेला टीडीएस कंपनी सरकारकडे भरते तेव्हा सोबत कुणाचा पैसा आहे हे पॅन नंबरानेच सांगते. नंबर असला की ती रक्कम आपल्या नावे उताऱ्यात जमा दिसते; तेव्हा त्या उताऱ्याचं नाव २६एएस होतं. वर्षअखेरीस आपल्याला तेवढा कर लागूच नसेल तर आयकराचं विवरणपत्र (रिटर्न) भरून ती परत मागता येते. नंबरच नसेल तर मागायची कुणाच्या नावाने? माझं खर्च वजा जाता उत्पन्न तेव्हाच्या ३ लाखांच्या मर्यादेच्या आत होतं. म्हणजे मला आयकर शून्य आणि तरीही १४,००० गेले असते. ज्याचं उत्पन्न कमी त्याचंच जास्त नुकसान! पॅनचं महत्त्व मला या एका बिलाने पटलं.

मी त्यांना बिल थोडे दिवस थांबवून ठेवायची विनंती केली. ते तयार झाले.

सगळ्यात सोपा रस्ता मला माहीत होता. आयकर खात्याच्या वेबसाइटवर आधारवरून लगेच ई-पॅन, म्हणजे पॅनची डिजिटल प्रत, मिळतं, तेही फुकट. २०२० पासून ही सोय आहे. त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो, आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख लागते. माझ्या आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. म्हणून मी पॅन केंद्रावर जाऊन कागदी अर्ज करायचं ठरवलं. वाटेत एका एजंटाने पाचशे रुपये सांगितले. अधिकृत शुल्क कार्ड घरपोच हवं असेल तरी १०७ रुपये होतं, आणि ते केंद्रावर लिहिलेलं असतं. आधी ते वाचा, मग पैसे काढा.

तेव्हा भारतीय नागरिकांसाठी फॉर्म ४९ए होता. ओळख, पत्ता आणि जन्मतारीख या तिन्हींसाठी एकटं आधार चाललं. दोन फोटो चिकटवायचे, डावीकडच्या फोटोवर अर्धी फोटोवर अर्धी कागदावर अशी सही, आणि एक सही चौकटीच्या आत, रेषेला न लागता. एओ कोड नावाचा एक रकाना पाहून बरेच जण बिचकतात. आपला पत्ता कुठल्या आयकर अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो एवढंच त्यातून कळतं, आणि केंद्रावरचा माणूस पत्त्यावरून तो शोधून देतो.

नावाकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं, आणि इथे आपल्याकडच्या बायकांचा प्रश्न वेगळाच असतो. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, बँकेच्या पासबुकात मधलं नाव गाळून नुसतं नाव आणि आडनाव. अर्जात नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहायचं. माझं नाव, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव, पण फॉर्मच्या क्रमाने: आडनाव आधी. त्याखाली वडिलांच्या नावाचा रकाना येतो. माझ्या शेजारी बसलेली एक वहिनी तिथे नवऱ्याचं नाव लिहायला लागली तेव्हा केंद्रावरच्या ताईंनी तिला थांबवलं. लग्न झालेलं असलं तरी तिथे वडिलांचंच नाव द्यायचं, नवऱ्याचं नाही. आणि आई एकटीच पालक असेल तर वडिलांचं नाव देण्याची सक्ती डिसेंबर २०१८ पासून उठली आहे.

मला सगळ्यात आवडलं ते त्याच्या पुढचं. कार्डावर वडिलांचं नाव छापायचं की आईचं, हे आपण निवडायचं असतं. काही निवडलं नाही तर वडिलांचं छापतात. मी आईचं निवडलं. गिरणी संपात वडिलांचं काम सुटलं तेव्हा घर आईच्या मशीनवर चाललं, आणि मशीन मला तिनेच शिकवलं. माझ्या दुसऱ्या कुठल्याच सरकारी कागदावर तिचं नाव नाही.

पोचपावतीवरच्या नंबराने अर्ज कुठवर आला ते मोबाईलवर कळत राहिलं. आधी ई-मेलवर ई-पॅन आलं, मग पोस्टाने कार्ड. ई-पॅनची फाईल उघडायला जन्मतारीख हाच पासवर्ड असतो. ई-पॅनलाही कार्डाइतकीच मान्यता आहे. मी नंबर लगेच कंपनीला कळवला आणि ६९,३०० रुपये खात्यात जमा झाले. आधार क्रमांक अर्जातच दिलेला असल्याने पॅन-आधार जोडणी वेगळी करावी लागली नाही.

ज्यांचं पॅन जुनं आहे त्यांनी ही जोडणी आजच तपासावी. बऱ्याच जणांसाठी तिची मुदत ३० जून २०२३ ला संपली. ज्यांनी जोडणी केली नाही त्यांचे पॅन निष्क्रिय झाले, आणि ते पुन्हा चालू करायला १,००० रुपये शुल्क लागलं. निष्क्रिय पॅनवरही २० टक्केच कापले जातात, म्हणजे कार्ड पाकिटात असून नसल्यासारखं. माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाला हे तेव्हा कळलं जेव्हा त्याच्या गाडीच्या भाड्याचे पैसे कापून आले. आणि कार्ड हरवलं म्हणून नवीन पॅन काढायला जाऊ नका. एका माणसाला एकच पॅन, दोन असतील तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हरवलेल्याची प्रत थोड्या पैशांत पुन्हा छापून मिळते.

आता चाळीतल्या मुख्य शंकेकडे येते. समोरच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, पॅन काढलंस की टॅक्सवाले मागे लागतात." हे मी अनेकांकडून ऐकलं, आणि यामुळेच कितीतरी लोक पॅन काढायला घाबरतात. पॅन काढलं म्हणून कर लागत नाही. कर उत्पन्नावर लागतो, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर पॅन असूनही शून्यच. उलट पॅन नसल्याने माझं जे होणार होतं ते वर सांगितलंच आहे.

ते ७०० रुपयेही मी सोडले नाहीत. कंपनीकडून टीडीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मागून घेतलं. २६एएसमध्ये रक्कम माझ्या नावावर दिसत होती. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरलं. छोट्या धंद्यासाठी सुगम नावाचा विवरणपत्राचा फॉर्म, आयटीआर-४, आहे. त्याआधी बँकेत जाऊन पॅन खात्याला जोडला आणि पासबुकातलं नाव पॅनप्रमाणे करून घेतलं, कारण परतावा त्याच खात्यात येतो आणि नाव जुळत नसेल तर अडकतो. परतावा आला. रक्कम लहान होती, पण आपले पैसे आपल्या नावावर होते आणि ते परत आले, याचं समाधान मोठं होतं.

मास्तरांची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण ती कामगाराची आहे. ते पूर्वी एका गारमेंट कारखान्यात होते. चार वर्षं पीएफ कापला गेला, मग ते काम सुटलं. त्यांना ते पैसे काढायचे होते. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असली तर टीडीएस कापतात: पॅन असेल तर १० टक्के, नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर तेव्हा फॉर्म १५जी भरून कपात टाळताही यायची, पण पॅन नसेल तर तो फॉर्म चालत नव्हता. म्हणजे कष्टाचा पीएफ पूर्ण हातात येणं शेवटी त्या दहा अक्षर-आकड्यांवर होतं.

त्यांच्या जुन्या आधारवर जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष होतं. त्यामुळे ई-पॅनचा रस्ता बंद. दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र गावाहून मागवलं, संगमेश्वरहून भावाने एसटीने पाठवलं, आणि आधी आधारवर तारीख पूर्ण करून घेतली, मोबाईल नंबरही बदलला. मग ई-पॅन त्यांना घरबसल्या, एक पैसा न देता मिळालं. पीएफच्या खात्यातही पॅन, आधार आणि कारखान्याने दिलेलं नाव तिन्ही जुळावं लागलं. काज-बटणाच्या काकूंना सही येत नाही, त्यांचा अंगठा आहे. अर्जावर अंगठा असेल तर तो नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून लागतो. आम्ही तेही केलं. त्यांना आज पॅन लागत नाही, पण बँकेत मोठी रोख रक्कम भरायची वेळ आली, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे ठेवायची वेळ आली, तर लागू शकतं.

तो नंबर कसा बनतो हे मास्तरांनी विचारलं होतं, तेही सांगते. पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर कोण आहे ते सांगतं: व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, भागीदारी फर्मसाठी एफ. पाचवं अक्षर आपल्या आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. धंदा वाढून जीएसटी घ्यावा लागला, आमच्यासारख्या मजुरीच्या कामाला वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की लागतो, तर तो १५ अंकी नंबरही याच पॅनवर उभा असतो. आधी महाराष्ट्राचा २७, मग आपला पॅन, मग तीन चिन्हं. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर होते, आणि ती मोफत आहे.

पॅनची झेरॉक्स कुठे देताना मी तिच्यावर तारीख आणि कशासाठी देते आहे ते लिहून सही करते. दुसऱ्याच्या पॅनवर कर्ज काढल्याच्या तक्रारी होतात. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, फुकट मिळतो, तो पाहून घेते.

आता माझ्या जावेला माझ्यासोबत भागीदारीत यायचं आहे. आजवर धंदा माझ्या एकटीच्या नावावर होता, त्यामुळे माझं स्वतःचं पॅन तेच धंद्याचं पॅन. भागीदारी झाली की आयकरासाठी फर्म वेगळी, तिला तिचं वेगळं पॅन आणि वेगळं विवरणपत्र. करारपत्राचा मसुदा वकिलांकडे दिला आहे. तो नोंदवला की फर्मच्या नावाने अर्ज करू, आणि त्याच पॅनवर फर्मचं चालू खातं उघडू.