रिंकूचा टोस्ट

बेसबॉलच्या मैदानात एक माणूस स्वतःचा टोस्टर घेऊन बसतो, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण 2012 मध्ये कंपनीने मला सहा महिने अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला पाठवलं होतं, तेव्हा स्वतः पाहिलंय. मी कोकणातल्या लोटे एमआयडीसीतला केमिकलवाला. तिकडेही नदीकाठाने केमिकल प्लांटच, त्यामुळे वासापुरतं घरच्यासारखं. संध्याकाळी मात्र करमेना, म्हणून चालत अ‍ॅपलाचियन पॉवर पार्क या बेसबॉलच्या मैदानावर जायचो.

लोकल टीमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्या बॅट्समनला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं की हा टोस्टरवाला गृहस्थ ‘यू आर टोस्ट!’ (तुझा खेळ खल्लास!) म्हणून ओरडायचा आणि करपलेले टोस्ट लोकांत भिरकावायचा. आमची आजी असती तर अन्नाची नासाडी म्हणून तिथेच त्याची खरडपट्टी काढली असती.

एकदा एक डावखुरा पिचर आला आणि स्पीकरवर नाव ऐकलं, रिंकू सिंग. मी ताठ बसलो.

क्रिकेटवाला रिंकू नव्हे, हा वेगळा. उत्तर प्रदेशात भदोहीकडच्या खेड्यातला पोरगा. वडील ट्रक ड्रायव्हर, नऊ भावंडं, एका खोलीचं घर. हा भालाफेक करायचा. 2008 मध्ये एका अमेरिकन एजंटने भारतात टीव्हीसाठी चेंडू फेकायची स्पर्धा घेतली. रिंकूने ताशी 87 मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबात 140 किलोमीटरने चेंडू टाकला आणि एक लाख डॉलर जिंकले. क्रिकेटवाले मागे का पडले? आपल्याकडे कोपर वाकवून झटकलं की नो-बॉल, इथे सगळा खेळच कोपराचा. भाल्याचा हात त्याला जास्त जवळचा. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या मोठ्या बेसबॉल टीमने त्याला आणि त्याच स्पर्धेतल्या वाराणसीकडच्या दिनेश पटेलला करारावर घेतलं. दिनेश दोन वर्षांत परत आला.

त्यांच्यावरचा हॉलिवूडचा सिनेमा करारापाशी संपतो. मी पाहत होतो ते त्याच्या पुढचं. चार्ल्सटनची टीम तेव्हा पायरेट्सच्याच हाताखालची, लो-ए नावाच्या खालच्या पायरीवरची. वर अजून तीन पायऱ्या, मग सगळ्यात वरची मेजर लीग. सीझनला 140 मॅचेस, पार जॉर्जियातल्या सव्हानापर्यंत बसने जायचं. त्या लेव्हलला पगार महिन्याला हजार-बाराशे डॉलर, तोही फक्त सीझनपुरता. आमच्या ट्रेनी पोरांना वर्षभर तरी मिळतो! (2023 मध्ये या खालच्या लीगमधल्या खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार झाला, तेव्हा लो-एचा वर्षाचा किमान पगार 11 हजारांवरून 26,200 डॉलर झाला. रिंकूला त्याचा काय उपयोग?)

त्या सीझनला त्याने 72 इनिंगमध्ये 65 जणांना स्ट्राइकआउट केलं. त्यातला एक माझ्यासमोर. टोस्ट उडाले, एक माझ्या मांडीवर पडला. अजून कोमट होता.

मग कोपर गेलं, ऑपरेशन झालं, आणि वरच्या पायऱ्या तशाच राहिल्या. 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला, तिथे त्याचं नाव झालं वीर महान. आता माझा भाचा ‘वीर महान’, ‘वीर महान’ करत सोफ्यावरून उड्या मारतो. त्याला सांगितलं, मी याच्या विकेटचा टोस्ट खाल्लाय. भाचा म्हणतो, मामा, काहीही फेकू नकोस.