अंदमानला जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

अंदमानचे टूर प्लॅन बघितले की सगळ्यांचा साचा एकच दिसतो, सकाळी नऊला नाश्ता करून हॉटेलमधून निघा, हा बीच, तो बीच, वॉटर स्पोर्ट्स, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. सेल्युलर जेलला तर जायचंच, आपल्यापैकी बरेच जण मुळात त्यासाठीच जातात आणि ते बरोबरच आहे. पण त्यापुढचे जे दिवस असतात ना, ते हॉटेलच्या घड्याळावर न लावता समुद्राच्या घड्याळावर लावा असं मला अगदी मनापासून सांगायचंय. म्हणजे ओहोटी कधी आहे, चंद्र किती आहे, उजाडतं किती वाजता, एवढ्या तीन गोष्टी आधी बघितल्या तर त्याच बेटांवर, त्याच पैशात, दुप्पट जंगल आणि दुप्पट समुद्र बघायला मिळतो.

आधी ओहोटी. नील बेटावर, म्हणजे आताचं शहीद द्वीप, लक्ष्मणपूर नंबर दोनच्या किनाऱ्यावर तो प्रसिद्ध नैसर्गिक पूल आहे, दगडाची कमान. बहुतेक लोक कमानीखाली उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. खरी गंमत कमानीत नाहीच, तिच्या पुढे जे खडकाळ पठार आहे त्यात आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की त्या पठारावर शेकडो डबकी उरतात आणि प्रत्येक डबक्यात काही ना काही चालू असतं. काळ्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी, पडलेल्या असतात, तारामासे, दगडाखालून सापासारखे हात बाहेर काढून बसलेले ब्रिटल स्टार, छोटे निळे मासे, आणि जायंट क्लॅम, म्हणजे मोठ्ठा शिंपला, त्याचे ओठ निळे, हिरवे, जांभळे असे असतात आणि आपली सावली पडली की तो पटकन मिटतो. त्या ओठांत एकपेशीय शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि शिंपल्याला देतं, म्हणून तर तो उथळ पाण्यात ऊन खात तोंड उघडून बसलेला असतो. तिथले स्थानिक गाइड थोडे पैसे घेऊन हे सगळं शोधून दाखवतात, त्यांना नक्की बरोबर घ्या, आपल्या डोळ्यांना ज्या ठिकाणी नुसता दगड दिसतो तिथे त्यांना तीन प्राणी दिसतात.

आता हीच जागा भरतीला बघितली तर काहीच नाही, सगळं पाण्याखाली. आणि ओहोटी ओहोटीतही फरक असतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते त्यामुळे उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते, अष्टमीच्या आसपास मात्र पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. म्हणून म्हणते तिथी बघा. वेळ मात्र आपल्या किनाऱ्याच्या अंदाजाने धरू नका, तिथल्या ओहोटीच्या वेळा वेगळ्या, त्या टाइड टेबलमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात, बघायच्या किंवा हॉटेलवाल्याला विचारायच्या, तिथे सगळ्यांना पाठ असतात. आणि पायात जाड तळाचे बूट किंवा सँडल हवेत, पाय दगडावर ठेवायचा, जिवंत प्रवाळावर नाही.

अमावस्या आणि पौर्णिमा यातलं काय निवडायचं असेल तर मी डोळे मिटून अमावस्या सांगेन, कारण हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, रात्रीच्या काळोखात पाणी चमकतं. पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की ते निळसर उजेड टाकतात. कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, रात्री खाडीत जायचं, वल्हं मारलं की वल्ह्याच्या कडेने निळा उजेड सांडतो, हात पाण्यात फिरवला की बोटांमधून ठिणग्या निघतात, मासा दचकून पळाला की त्याची रेघ दिसते. याचा फोटो साध्या मोबाइलवर येत नाही, त्यात वेळ घालवू नका. चांदण्या रात्री हे फिकं पडतं, पौर्णिमेला तर जवळजवळ दिसतच नाही, आणि लोक तारीख न बघता बुकिंग करतात मग म्हणतात काही खास नव्हतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

दिवसा त्याच बाजूला कांदळवनातून कयाक करता येतं. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत असतात, मुळांच्या जाळीत खेकडे, आणि खंड्या तर पावलोपावली. कांदळवन बघायला बहुतेक टूर बाराटांग बेटावर नेतात, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी दाखवायला. गुहा सुंदर आहेत यात शंका नाही, शिवाय त्या भागातल्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात ज्या स्वतःच्या लाळेचं घरटं बांधतात आणि अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. पण तिथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायला, फोटो काढायला, कोणाला काही द्यायला सक्त मनाई आहे, आणि तरीही गाडीतली माणसं खिडकीला नाक लावून बसतात की जारवा दिसतात का. माणसं बघायला म्हणून जंगलात जाणं मला पटत नाही, म्हणून मी बाराटांग यादीतून काढलं आणि मला त्याची चुटपुट नाही. कांदळवन हॅवलॉकलाही तितकंच गच्च आहे.

प्रवाळासाठी वंडूरचं महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क. १९८३ साली झालेलं, पंधरा बेटांचं, पण पर्यटकांसाठी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच बेटं आलटून पालटून उघडतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. साधारण हिवाळा-उन्हाळ्यात जॉली बॉय आणि बाकी काळात रेड स्किन. परमिट आधी काढावं लागतं, सोमवारी बंद असतं, आणि एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक न्यायला बंदी आहे, ही शिस्त तिथे खरोखर पाळली जाते आणि त्याचा फरक किनाऱ्यावर दिसतो. काचेच्या तळाची बोट ठीक आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर तेवढंच बरं, पण ज्याला शक्य आहे त्याने स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून पाण्यात तोंड घालाच. पाण्याखाली कान दिलेत तर कुरकुर कुरकुर असा आवाज येतो, तो पोपटमाशांचा, ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडून खातात आणि मागून बारीक वाळू सोडतात, प्रवाळाच्या किनाऱ्यांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूत त्यांचा मोठा वाटा असतो.

हे लिहिताना एक सांगायलाच हवं की तिथलं सगळं प्रवाळ रंगीत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी जास्त तापलं आणि अंदमानमधलं बरंचसं प्रवाळ पांढरं पडलं, नंतर २०१६ ला परत. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आतलं शैवाल बाहेर टाकतं, रंग जातो आणि खायला देणारंही जातं, पाणी लवकर थंड झालं तर ते सावरतं नाहीतर मरतं. काही ठिकाणी तुम्हाला तुटक्या करड्या काटक्यांचा ढीग दिसेल आणि त्यात मधूनच नवीन जांभळी टोकं फुटलेली दिसतील, ती बघून मला फार बरं वाटलं. या प्रवाळाला आपला आणखी त्रास नको म्हणून सनस्क्रीन फासून पाण्यात उतरण्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, आणि दमलात तरी प्रवाळावर उभे राहू नका, पाठीवर तरंगा, लाइफ जॅकेट असतंच.

आता पक्षी, माझा सगळ्यात आवडता भाग. अंदमान खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे पहाटे पाचलाच फटफटतं आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. पोर्ट ब्लेअरहून, आता त्याचं नाव श्री विजयपुरम, चिडिया टापू साधारण पंचवीस किलोमीटर. सगळे तिथे सूर्यास्ताला जातात. सूर्यास्त छानच असतो, पण नावातच चिडिया आहे तर पहाटे जा ना! टॅक्सीवाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवायचं, तो जरा कुरकुरतो पण येतो. त्या जंगलात असे पक्षी आहेत जे अंदमान सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अंदमानचा टकाचोर, अंदमानचा बुलबुल, अंदमानचा शामा, आणि काळा, मोठ्ठा, लाल तुऱ्याचा अंदमानचा सुतार, तो खोडावर ठोकायला लागला की कोणीतरी लाकूड तोडतंय असंच वाटतं. भारद्वाज तर आपल्या ओळखीचा ना, पण तिथला काळा नाही, फिकट तपकिरी अंगाचा आणि तांबूस पंखांचा, बांधा तोच, चाल तीच आणि रंग मात्र वेगळा, ते बघून मी कितीतरी वेळ हरखून गेले होते. मुख्य भूमीपासून तुटून राहिल्यावर काय होतं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या एका पक्ष्यात जास्त कळतं.

तिथेच किनाऱ्यालगत पाण्यात उभी वाळलेली मोठमोठी खोडं दिसतात. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि समुद्र आत शिरला, झाडं जागच्या जागी मेली. सिप्पीघाटला भाताची शेतं अशीच पाण्याखाली गेली आणि आता तिथे बगळे, बदकं, पाणपक्षी उतरतात. उत्तर अंदमानला याच्या उलट झालं, जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडं पडून मेलं. एकाच भूकंपाच्या दोन टोकांच्या खुणा आहेत या, ड्रायव्हरला विचारलंत तर तो त्या दिवसाबद्दल बोलतो, ऐकून घ्या.

भिंतीवरची पाल बघून किंचाळू नका, हे पण सांगते. हिरवीगार, अंगावर लाल ठिपके, दिवसा उजेडी फिरणारी पाल दिसली तर ती अंदमान डे गेको, फक्त याच बेटांवरची. तिचे सगळे भाऊबंद हिंद महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला, मादागास्कर आणि मॉरिशसच्या बाजूला आहेत. माझ्या गेस्ट हाउसच्या केळीवर एक होती, बरोबरचे सगळे समुद्रावर गेले आणि मी तिच्यापाशी बसले.

रॉस बेटावरची, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावरची, माणसाळलेली चितळं सगळ्यांना आवडतात. पण चितळ अंदमानचं नाहीच, इंग्रजांनी आणून सोडलं. इथे वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे ती वाढत गेली आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, जंगलाला नवीन झाड धरणं अवघड होतं. म्हणून त्यांना ब्रेड, बिस्किटं चारू नका, प्लीज.

दिवस हाताशी असतील तर उत्तरेला डिगलीपूर. ट्रंक रोड नको असेल तर सरकारी बोटीनेही जाता येतं. तिथली रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत, ओहोटीला एकाकडून दुसऱ्याकडे चालत जायचं, भरतीला पट्टा पाण्याखाली, हे रॉस वेगळं बरं का. आणि जवळच कालीपूरचा किनारा, कासवांचा. अंदमान-निकोबारमध्ये ऑलिव्ह रिडले, ग्रीन टर्टल, हॉक्सबिल आणि अवाढव्य लेदरबॅक अशी चार जातींची कासवं अंडी घालतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर रात्री वन खात्याच्या माणसांबरोबर जा, एकटे जाऊ नका. पांढरा टॉर्च मारला की मादी अंडी न घालताच परत फिरते, म्हणून टॉर्च बंदच ठेवायचा, लागलाच तर लाल उजेडाचा. ती मागच्या पायांनी किती निगुतीने खड्डा करते, वाळू उचलते, बाजूला टाकते, परत उचलते, मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

मगरींबद्दल घाबरवायचं नाहीये, पण खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर खऱ्याच आहेत. किनाऱ्यावर पाटी असेल, जीवरक्षक शिट्टी मारत असेल तर ऐका, आणि खाडीच्या तोंडाशी किंवा तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नका.

बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बराच काळ शांत राहून १९९१ ला परत जागा झालेला, तो फक्त बोटीतून लांबून बघायचा. नारकोंडम मात्र तसंही आपल्यासाठी नाही, जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट आणि जगातले सगळे नारकोंडम धनेश पक्षी तेवढ्यातच राहतात, तिथे आपण न गेलेलंच बरं.

आणि शंख-शिंपले उचलू नका, मेलेलं प्रवाळसुद्धा नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी, जायंट क्लॅम यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅग तपासताना हे पकडलं जातं आणि मुलांच्या खेळण्यासाठी उचललं होतं हे तिथे चालत नाही. शिवाय रिकाम्या शंखाची वाट बघत हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे, थांबलेले असतात, संध्याकाळी किनाऱ्यावर जरा वेळ बसलात तर एखादा जुन्या शंखातून नव्या शंखात शिरताना दिसेलही, मुलांना ते दाखवा.