तुम्ही विचारलंत म्हणून : वरच्या पायलटला खालचे आपले कसे कळतात?

‘काका, विमान एवढ्या वेगात येतं, मग पायलटला कसं कळतं की खाली आपले कुठे आणि शत्रू कुठे?’ सोसायटीतली मुलं विचारतात, एनसीसीच्या कार्यक्रमाला गेलो की तिथली मुलं विचारतात. २०२४च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनीही हेच विचारलं. प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. उत्तर असं, की त्याला कळत नाही. त्याला सांगावं लागतं.

मी तोफखान्यात होतो. देवळालीला शिकलो आणि नोकरीतला बराच काळ ओपी पार्टीत काढला. ओपी म्हणजे पायदळाबरोबर पुढे बसून मागच्या तोफांना गोळे कुठे टाकायचे ते सांगणारी मोजकी माणसं. राजस्थानातल्या सरावांमध्ये आमच्या खंदकात हवाई दलाचा एक अधिकारी येऊन बसायचा, फॉरवर्ड एअर कंट्रोलर. तो स्वतः पायलट असायचा. विमानाशी बोलायचा रेडिओ त्याच्याकडे, तोफांचा माझ्याकडे. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. लक्ष्य शोधायला दहा सेकंद मिळाले, तर तेवढ्यात विमान अडीच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. त्यात पायलटला सरळ खाली दिसत नाही. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एचएफ-२४ मरुत ठेवलंय. जमिनीवर मारा करायला १९७१ला ही विमानंही राजस्थानच्या आघाडीवर होती. मुलांना तिकडे नेलं की मी सांगतो, पायलट कुठे बसतो बघा, त्याच्यापुढे नाक केवढं लांब आहे बघा, आणि पंखांनी दोन्ही बाजूंचं किती झाकलं जातं तेही बघा.

म्हणून बोलायचं ते त्याला काय दिसतंय ते धरून. कुणी दादरला उतरून फोन करतं, ‘तू कुठेयस?’ तेव्हा आपण ‘मी निळ्या ताडपत्रीपाशी उभा आहे’ म्हणून भागत नाही. आधी पूर्व की पश्चिम, मग पूल, मग फुलबाजार, आणि शेवटी ताडपत्री. इथेही तसंच. बोलणं इंग्रजीत चालायचं, मी मराठीत लिहितो.

‘पूर्व-पश्चिम रस्ता दिसतोय?’
‘दिसतोय.’
‘रस्ता सोडून उत्तरेला ये. दोन टेकड्या.’
‘दोन दिसतायत.’
‘डावीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी धूर येईल. आत्ता.’

हे ‘आत्ता’ आमचं. विमान वळून तोंड लक्ष्याकडे करणार, त्याच्या थोडं आधी तोफेचा धुराचा गोळा तिथे पडायला हवा. लवकर पडला तर वारा धूर घेऊन जातो, उशिरा पडला तर विमान पुढे निघून गेलेलं असतं. गोळा थेट लक्ष्यावर पडला नाही तरी चालतं, ‘धुरापासून उत्तरेला २०० मीटर’ एवढं सांगितलं की पायलटला पुरतं. मात्र उत्तर कुठली, हे सांगणाऱ्याच्या डोक्यात पक्कं हवं.

त्यानंतरच्या मिनिटांबद्दल कोणी विचारत नाही, पण मला ती सगळ्यात अवघड वाटतात. आमचे गोळे हवेतूनच जातात आणि विमानही त्याच हवेत असतं. मग त्या पट्ट्यातल्या तोफा थांबवाव्या लागतात. तोफा थांबल्या की समोरचा डोकं वर काढतो, आणि पुढे सरकणारं आपलं पायदळ तेवढा वेळ उघडं पडतं. विमान एक मिनिट उशिरा आलं तर ते मिनिट पायदळाच्या अंगावर जातं. येण्याची दिशाही जमिनीवरूनच ठरवून द्यायची. शक्यतो आपल्या फळीला समांतर, आपल्या डोक्यांवरून नाही. कारण बॉम्ब चुकला तर बहुतेक वेळा उडण्याच्या रेषेतच अलीकडे किंवा पलीकडे पडतो.

हे सगळं जुळलं नाही तर काय होतं? १ सप्टेंबर १९६५ला जम्मूच्या पश्चिमेकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे रोखायला संध्याकाळी घाईने विमानं पाठवावी लागली. आपली चार व्हॅम्पायर विमानं त्या दिवशी पडली, आणि आपल्याच विमानांच्या माऱ्यात आपलेही रणगाडे आणि गाड्या सापडल्या. पायलटांना दोष देणाऱ्यांशी माझं पटत नाही. धुळीत वरून रणगाडा हा रणगाडाच दिसतो.

लोंगेवालाचं नाव मुलांना माहीत असतं. हंटर विमानांना रात्री मारा करता येत नव्हता, म्हणून पंजाब रेजिमेंटच्या त्या कंपनीने रात्रभर तग धरला आणि ५ डिसेंबर १९७१ला उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर आली. हंटरचं नाव घ्यायलाच हवं. पण त्याच आकाशात मेजर आत्मा सिंग कृषक घेऊन फिरत होते. कृषक म्हणजे पंख्याचं छोटं, हळू चालणारं, निःशस्त्र विमान. पाकिस्तानी रणगाड्यांवर घिरट्या घालत ते हंटरना लक्ष्यं दाखवत होते. एअर ओपी, म्हणजे हेच ओपीचं काम विमानातून करणारी माणसं, तेव्हा आमच्या तोफखान्याचाच भाग होता. हे नाव मुलांना सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

१९९९च्या कारगिल युद्धात मी द्रासला होतो. तिथे सोळा-अठरा हजार फुटांवर दगड रचून केलेले मोर्चे. वरून बघणाऱ्याला दगडात दगड. हवा विरळ, त्यामुळे बॉम्ब मैदानात पडतो तसा पडत नाही. २७ मेला दोन मिग गेली, २८ला एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं, चौघे गेले. मग विमानं शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वर राहूनच मारा करू लागली. २४ जूनला मिराजने टायगर हिलवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले, पायदळाचा हल्ला त्यानंतर, जुलैच्या सुरुवातीला झाला. माझं मत विचाराल तर कारगिलमध्ये पायदळाला सगळ्यात जास्त मदत झाली ती १७ जूनला मुंथो धालोच्या रसद तळावर पडलेल्या बॉम्बची. तो हल्ला आमच्यापैकी कोणाला दिसला नाही, पण वरच्या मोर्च्यांचा दाणागोटा आणि दारूगोळा तिथूनच यायचा.

मारा झाला की पायलट विचारतो, कुठे पडला? तिथे खालच्या माणसाने मन मोठं करून चालत नाही. जिवावर उदार होऊन आलाय, त्याला बरं वाटावं म्हणून ‘बरोबर पडला’ म्हणावंसं वाटतं. आमचा कंट्रोलर कधीच म्हणायचा नाही. ‘लक्ष्याच्या ऐंशी मीटर अलीकडे, मोर्चा शाबूत’, एवढंच आणि सपाट आवाजात. पुढची जोडी तोवर निघालेली असायची, आणि तिचा नेम या ऐंशी मीटरवरूनच दुरुस्त व्हायचा.