भिंतीवरची बुरशी: आधी पाणी अडवलं, मग पुसली

आमचा फ्लॅट रत्नागिरीत, वरच्या मजल्यावर, आणि सासूबाईंच्या खोलीची एक भिंत थेट पश्चिमेला. पावसाचा सगळा मारा तिच्यावरच. गेल्या जुलैत खोलीत कुबट वास येऊ लागला, आईंचा दमा रात्री उसळायला लागला, तेव्हा आम्ही कपाट पुढे ओढलं. मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके, रंगाला फुगे, आणि कपाटाच्या प्लायवूडवर बोट टेकवलं की पांढुरका भुगा हाताला लागायचा.

रंगारी म्हणाला, "वहिनी, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारतो, दिसायचं नाही काही." पण नुसतं दिसेनासं होऊन आईंना काय उपयोग? बुरशी ओलीवर जगते. ओल आत ठेवून वरून रंग चढवला, तर तो पोपडे धरून सुटणारच.

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते पाहिलं. भिंतीवर जरा सुकी जागा बघून प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला. खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर साचत असेल तर थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला येतात. भिंतीतून ओल येत असेल तर आतल्या, भिंतीकडच्या बाजूला. आमच्याकडे एक-दोन दिवसांत आतून थेंब धरले. बाहेर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग गेलेली सापडली. भर पावसात ओल्या प्लास्टरवर भेग बुजवायचा मसाला नीट धरत नाही, म्हणून तूर्तास तेवढ्या भागावर ताडपत्री बांधून घेतली. आमच्याकडे पूर्वी पडवीला नारळाची झापं बांधायचे ना, तोच प्रकार.

मग साफसफाई. त्या दिवशी आईंना नणंदेकडे पाठवलं; दमेकऱ्याने अशा वेळी घरात थांबूच नये. त्या भिंतीवर स्विचबोर्ड होता, त्यामुळे एमसीबी पाडून खोलीची वीजच बंद केली. पंखाही आपोआप बंद झाला, आणि तो बंद असायलाच हवा, नाहीतर बुरशीचे कण घरभर उडतात. दार बंद, फटीला ओलं फडकं, खिडकी उघडी. एन९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद गॉगल. सुका ब्रश अजिबात लावायचा नाही. भिंत आधी स्प्रेने ओलसर केली, कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसली, पुन्हा साध्या पाण्याने, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतली. वापरलेली फडकी तिथल्या तिथे पिशवीत घालून गाठ मारली. कापसाची गादी आणि कपाटाची पाठ टाकून दिली. गादीच्या आत शिरलेली बुरशी धुऊन जात नाही.

ब्लीच मी फक्त बाथरूमच्या टाइल्सवर वापरलं, पाण्यात पातळ करून. प्लास्टर सच्छिद्र, त्यात ब्लीच खोल उतरत नाही, वर त्यातलं पाणी भिंतीलाच मिळतं. आणि हे कळकळीने सांगते: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनरही नको.

"खिडक्या उघड्या टाका" हा सल्ला आम्हाला सगळ्यांनी दिला. जुलैत बाहेरचीच हवा ९० टक्क्यांच्या घरात दमट असते, मग भिंत सुकणार कशी? उघडीप असेल तेव्हाच खिडक्या उघडायच्या, एरवी बंद करून एसी ड्राय मोडवर. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं. काटा ६० च्या खाली ठेवायची धडपड असायची. खोलीत कपडे वाळत घालणं बंद केल्यावर फरक लगेच दिसला.

पाऊस गेल्यावर फुगलेलं प्लास्टर खरवडलं, तेही ओलं करून आणि मास्क लावूनच. बाहेरची भेग रुंद करून पॉलिमर मसाल्याने भरली. भिंत सुकायला बरेच आठवडे गेले. रंगाऱ्याला दिवाळीआधी काम उरकायचं होतं, मी थांबवलं. पुन्हा प्लास्टिक चिकटवून ते दोन्हीकडून कोरडं निघालं, तेव्हाच प्रायमर लावू दिला. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे.

आमची बुरशी साधारण तीन फूट बाय तीन फुटांत होती, म्हणून घरी जमलं. त्याहून जास्त पसरली असेल किंवा सांडपाण्यामुळे आली असेल, तर जाणकार माणूसच बोलवा.