डोकं नसलेला आयर्नहाइड आणि नागपूरचा कूलर

ट्रान्सफॉर्मर्स या रोबो खेळण्यांमधला १९८४ चा आयर्नहाइड हातात घेतला की पहिला प्रश्न पडतो: याला डोकं का नाही? डोक्याच्या जागी सीट आहे आणि सीटवर चेहऱ्याचं स्टिकर. याचं उत्तर डायाक्लोन या जुन्या खेळण्यांच्या मालिकेत आहे. जपानच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये ही मालिका काढली, तेव्हा रोबो म्हणजे निव्वळ यंत्र होतं. ते चालवायला आत साधारण ३ सेंटिमीटरचा, पायांत चुंबक असलेला डायानॉट, म्हणजे ड्रायव्हर बाहुला, बसायचा. १९८२ मध्ये खऱ्या गाड्यांवरून बनवलेले कार रोबो आले, त्यांतही ही सीट होती. पुढे हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने याच साच्यांची खेळणी अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स म्हणून आणली. रोबोच जिवंत झाले, ड्रायव्हर गेला, सीट राहिली.

ट्रान्सफॉर्मर्सची दुसरी शाखा ताकाराच्याच मायक्रोमॅन मालिकेची, आणि तिचं मूळ हॅस्ब्रोच्याच जी. आय. जो या सैनिक बाहुल्यात आहे. ताकाराने तो परवान्यावर जपानमध्ये आणला, त्याच्या साच्यातून १९७२ मध्ये पारदर्शक शरीराचा हेनशिन सायबॉर्ग काढला आणि तीच कल्पना लहान आकारात आणून १९७४ मध्ये मायक्रोमॅन. मायक्रोमॅनच्याच १९८३ च्या मायक्रो चेंज मालिकेत घरातल्या वस्तूच रोबो झाल्या. साउंडवेव्ह हा कॅसेट प्लेअर, मेगाट्रॉन हे वॉल्थर पी-३८ पिस्तूल, दोन्ही तिथलेच. शेल्फवर या मंडळींची मापं एकमेकांशी जुळत नाहीत याचं कारण हेच: कार रोबो डायानॉटच्या मापाचे, तर मायक्रो चेंज खऱ्या वस्तूंच्या मापाचे.

ताकारा आणि टोमी २००६ मध्ये एकत्र आल्या आणि २०१६ मध्ये डायाक्लोन परत आलं. सुरुवात डायाबॅटल्स व्ही-२ या रोबोने झाली. नव्या डायानॉटचा आकार तेवढाच, पायांत चुंबकही आहेत, पण आता हातपाय वाकतात, त्यामुळे तो सीटवर नीट बसतो. मला हे पुनरागमन सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यांनी ड्रायव्हर परत आणला. ट्रान्सफॉर्मर्सच्या २०२४ च्या मिसिंग लिंक मालिकेतला कॉन्वॉय, म्हणजे आपला ऑप्टिमस प्राइम, वेगळ्या वाटेने जातो: रूप जुनंच, सांधे नवे.

जुना नग घेताना अंगावर कोरलेल्या सालावर जाऊ नका. ते साल कॉपीराइटचं असतं, उत्पादनाचं नाही; नंतर काढलेल्या नगावरही जुनंच साल असू शकतं. १९८५ पासून आलेलं, बोटाने घासल्यावर चिन्ह दाखवणारं काळं स्टिकर मे महिन्यात तपासायचं असेल तर नग आधी थंड खोलीत ठेवा. ते उष्णतेवर चालतं, आणि ४५ अंशांत बोटाची ऊब आणि हवेची ऊब यांत फरक कळत नाही.

नागपुरात खरी काळजी साठवणुकीची. टिनाच्या शेडखाली किंवा माळ्यावर ठेवलं की रबरी टायरमधलं मऊपणा देणारं रसायन बाहेर येतं आणि टायरला टेकलेलं प्लास्टिक वितळल्यासारखं होतं. टायर काढून वेगळे ठेवा, पिशवी पॉलिप्रोपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. कूलरच्या झोतासमोर शेल्फ तर मुळीच नको: त्या दमट हवेने स्क्रू आणि पोलादी पिना गंजतात, स्टिकरच्या कडा उचलल्या जातात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका आणि भिजलं की बदला.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर सलूनच्या सामानाच्या दुकानात मिळणारं ६ टक्के पेरॉक्साइडचं क्रीम चालतं. स्क्रू, धातू, रबर, क्रोम आणि स्टिकर असलेले भाग आधी बाजूला काढा. हातमोजे घाला, क्रीम सगळीकडे सारखं लावा, वर प्लास्टिक फिल्म गुंडाळा आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळच्या उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाने भाग फिरवा आणि क्रीम पुन्हा पसरवा. क्रीम सुकलं की पांढरे ढगाळ डाग पडतात आणि ते जात नाहीत. मे महिन्याच्या उन्हात ते फार लवकर सुकतं, शिवाय पातळ भाग वाकतात. पिवळेपणा काही काळाने परत येऊ शकतो, म्हणून नंतर काचेच्या खिडकीपासून लांबच ठेवा.

सोनेरी चमकी मिसळलेल्या प्लास्टिकचे, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनचे नग मात्र रूप बदलायला वळवूच नका. ते डब्यात न हाताळताही ठिसूळ होतात, पिनेभोवती तडा जातो, आणि त्याला चिकटवणारा गोंद नाही.