टक्क्यावर टक्का, त्यावर परत टक्का

२०२२ च्या डिसेंबरची गोष्ट. सीवूड्सच्या खाडीत फ्लेमिंगो यायला लागले होते आणि माझ्याकडे लांबची लेन्स नव्हती, नवीन घ्यायची ऐपतही नव्हती, म्हणून जपानच्या एका विक्रेत्याकडे जुनी मॅन्युअल टेलिफोटो शोधून काढली. साडेनऊ हजारांची लेन्स, दीड हजार शिपिंग. घरी कोणाला बोलले नाही, उगाच कशाला.

दहा दिवसांनी कुरिअर कंपनीचा मेसेज, केवायसी करा, आधार अपलोड करा. केलं. मग दुसरा मेसेज, ड्यूटी ८,५०१ रुपये, वर आमचा क्लिअरन्स चार्ज, त्याच्यावर जीएसटी. मला वाटलं हा फ्रॉडच, कारण कस्टम्सच्या नावाने लिंक पाठवून लुटणारे कमी नाहीत. शेवटी कंपनीच्या साइटवर जाऊन नंबर टाकून बघितला तर खरंच तेवढेच. आता बाबांना सांगणं भाग होतं.

बाबा म्हणजे न्हावा शेवा बंदरात एका सीएचएकडे, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एजंटकडे, आयुष्य काढलेला माणूस. सीएचएला आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण आमच्या घरात अजून सीएचएच. रागावतील वाटलं होतं, तर त्यांना उलट हुरूपच आला, लग्नपत्रिकेचं पाकीट घेतलं, उलटं केलं आणि आईला म्हणाले चहा टाक.

"व्हॅल्यू किती?"
"साडेनऊ हजार."
"अकरा. शिपिंग धरायचं. कस्टम्स सीआयएफवर लावतात, माल, भाडं, विमा सगळं मिळून."

म्हणजे विमानाच्या भाड्यावर पण कर! बरं, पुढे. अकरा हजारांवर ३५ टक्के बेसिक ड्यूटी, ३,८५०. त्या ३,८५० वर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ३८५. आता हे दोन्ही मूळ किमतीत मिळवायचे, झाले १५,२३५, आणि त्या अख्ख्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ४,२६५ रुपये ८० पैसे. बेरीज ८,५०० रुपये ८० पैसे, म्हणजे ७७.२८ टक्के. मी आपली ३५ अधिक २८ करून ६३ धरून बसले होते, पण इथे टक्के नुसते शेजारी बसत नाहीत, एकाच्या डोक्यावर दुसरा चढतो.

मी विचारलं की लेन्सला एवढा ३५ टक्के कसा, मोठे इम्पोर्टर एवढा भरतात का. तर बाबा म्हणाले, त्यांचं वेगळं. कंटेनर आला की प्रत्येक वस्तूचं हेडिंग, म्हणजे कस्टम्सच्या यादीतला नंबर, शोधायचं, त्याचा दर बघायचा, त्यावरून अप्रेझरशी, म्हणजे माल तपासणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याशी, वाद घालायचा (हे सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता). पण स्वतःच्या वापरासाठी घरी मागवलेलं पार्सल असलं की औषधांचा दर वेगळा, बाकी जवळजवळ सगळं ९८०४ या एकाच हेडिंगच्या पिशवीत एकाच दराने, मग लेन्स असो की साबण, नवी असो की जुनी.

आता माझा मूर्खपणा पण सांगून टाकते. ऑर्डर देताना मी विक्रेत्याला लिहिलं होतं की किंमत कमी दाखवा आणि गिफ्ट लिहा, त्याने नम्रपणे नाही म्हटलं होतं. हे ऐकल्यावर मात्र बाबा चिडले. खोटी व्हॅल्यू पकडली गेली तर माल जप्त, वर दंड, आणि गिफ्ट लिहून काय मिळणार होतं? पूर्वी ५ हजारांपर्यंतचं गिफ्ट सुटायचं, ते डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं. सुटतात फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राखी. हो, राखी, सरकारी नोटिफिकेशनमध्ये चक्क राखी हा शब्द आहे, आणि पुढे हेही की राखीसोबतच्या भेटवस्तू धरायच्या नाहीत. न्यू जर्सीच्या आत्याला बाबांनी तेव्हाच फोन करून सांगितलं होतं, नुसता धागा पाठव, चॉकलेटं नकोत. ती आठवडाभर रुसली होती.

माझी खरी तक्रार ३५ टक्क्यांवर नाहीच. इथल्या दुकानदाराने कर भरायचा आणि मी बाहेरून फुकटात आणायचं हेही बरोबर नाही. पण पैसे भरताना जपानी साइटवर एक आकडा आणि दारात पार्सल आल्यावर दुसरा, हे खटकतं. काही मोठ्या साइट्स ड्यूटी आधीच धरून घेतात ते बरं, निदान धक्का तरी घरबसल्या एकदाच बसतो. तेव्हापासून मी आधी पाकिटावर हिशोब करते आणि निम्म्या वेळा कार्ट बंद करते.

ही पर्सनलवाली बेसिक ड्यूटी मधल्या काळात ३५ वरून २० टक्क्यांवर आली होती, २०२६ च्या बजेटमध्ये ती २० वरून १० टक्क्यांवर आणायची घोषणा झाली. बातमी आली तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. लेन्सच्या डब्यात ते पाकीट अजून आहे, ड्यूटीच्या पावतीला टाचलेलं. टाचणी बाबांनीच लावलीय, कागद सुटे ठेवायचे नसतात म्हणे.