दर्यापूरच्या वावरातला दीड मीटरचा खड्डा

उन्हाळ्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरीदादांनी जमीन आरोग्य पत्रिकेचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. सामू (पीएच) ८.३, क्षारता अगदी कमी, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास, स्फुरद कमी, पालाश भरपूर, जस्त कमी. खाली प्रश्न होता : "मॅडम, कागद तर बरा दिसते. मंग पानी पडल्यावर आठ-आठ दिवस वाफसा काऊन येत नाही?" म्हणजे पाणी ओसरून जमीन पुन्हा काम करण्याजोगी का होत नाही.

पत्रिका खोटी नव्हती. २०१५ पासून देशभर ही योजना चालू आहे आणि तिच्यात बारा गोष्टी मोजतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कपाशीला किती खत द्यायचं एवढा हिशेब करायला हे पुरतं. पण सोडियम त्यात नाही, चुनखडी नाही, चिकणमाती किती तेही नाही. शिवाय नमुना घेतात तो वरच्या वीतभर मातीचा. दादांचा प्रश्न होता त्याखालच्या मीटरभर मातीबद्दल.

मी अकोल्यात एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत काम करते. त्याआधी मृदा सर्वेक्षणाच्या प्रकल्पांवर कंत्राटी नोकऱ्या केल्या, त्यामुळे खड्डा खणायचा म्हटलं की माझा उत्साह वाढतो आणि वावराच्या मालकाला घोर लागतो. "एवढा खोल कायले पायजे? बोअर मारता का काय?" हे ऐकल्याशिवाय माझा एकही खड्डा झालेला नाही.

एप्रिलअखेर काळी जमीन पहारीलाही दाद देत नाही. दोन मजूर सकाळी सहाला लागले तेव्हा कुठे दुपारपर्यंत दीड मीटर खाली गेले. जेसीबी बोलावला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, पण बकेटने कापलेली बाजू घासली जाते, तिला खोटी चकाकी येते, आणि नवखी मुलं तीच स्लिकनसाइड (मातीच्या ढेपा एकमेकींवर घासून आलेली चकाकी) म्हणून नोंदवून मोकळी होतात. उजेडाकडची बाजू मी सुरीच्या टोकाने थोडी थोडी उकलत जाते. माती स्वतःच्या सांध्यावर सुटली पाहिजे.

वरचे पंधरा सेंटिमीटर वखराखालचे, भुसभुशीत, दाणेदार. त्याखाली ढेकळं मोठी आणि टोकदार होत जातात. साधारण अर्ध्या मीटरपासून खरी काळी जमीन सुरू होते : तिरक्या, पाचरीसारख्या ढेपा, एकमेकींवर अंदाजे पंचेचाळीस अंशांत टेकलेल्या. सुरीने एक ढेप सुटली की तिची बाजू नुकत्याच पुसलेल्या शहाबादी फरशीसारखी चमकते आणि त्या चकाकीवर बारीक समांतर ओरखडे दिसतात. पावसाळ्यात माती फुगते, जागा पुरत नाही, मग एक ढेप दुसरीवर घासत वर सरकते. ती घासण म्हणजे स्लिकनसाइड. ती दिसली की ही माती व्हर्टिसॉल, म्हणजे फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या चिकण मातीच्या, गटातली असण्याची शक्यता पक्की होते. सोबत ३० टक्क्यांहून जास्त चिकणमाती आणि दरवर्षी पडणाऱ्या भेगा असल्या की झालं.

इथे मी बराच वेळ भेगांपाशी बसले. वर चार बोटं रुंद असलेली भेग खाली कुठवर जाते हे पाहायला मिळावं म्हणून तर उन्हाळ्यात खणायचं. जास्त पावसाच्या भागात काळ्या मातीच्या भेगा साधारण त्या चमकत्या थरापर्यंत येऊन थांबतात. इथे त्या थराला चिरत थेट खाली गेल्या होत्या. म्हणजे खालची मातीसुद्धा दरवर्षी कडक वाळते. पाऊस वरून पडतो, पण खालपर्यंत पोचत नाही. बाटलीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडत खाली गेले : वर हलकं फसफसलं, ऐंशी सेंटिमीटरच्या खाली जोरात. तिथे हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे होते.

रंगाची नोंद मन्सेलच्या रंगनमुन्यांच्या पुस्तकातून, माती ओली करून, ऊन पाठीमागे ठेवून : १० वायआर ३/२, म्हणजे अतिगडद करडा-तपकिरी. जाता जाता सांगते, काळा रंग म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, असं कृषी प्रदर्शनातले विक्रेते अजूनही सांगतात. आपल्या काळ्या मातीत कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो. चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेला थोडासा कर्बच सगळं काळं दाखवतो.

पाच थरांच्या पाच पिशव्या घेऊन अकोल्याला आले. प्रयोगशाळेत सगळ्यात आधी मी करते ती चाचणी पत्रकात कुठे लिहिलेली नसते. वाळलेला, शेंगदाण्याएवढा एक एक खडा काचेच्या वाटीत ठेवायचा, अलगद डिस्टिल्ड वॉटर ओतायचं आणि हात लावायचा नाही. वरच्या थरातला खडा फुटला, विरघळल्यासारखा पसरला, पण पाणी स्वच्छ राहिलं. ऐंशी सेंटिमीटर खालचा खडा नुसता बसून होता. दहा मिनिटांनी त्याच्याभोवती दुधी वलय आलं, चहा पिऊन येईपर्यंत सगळी वाटी गढूळ. चिकणमातीचे कण आपणहून सुटे होऊन पाण्यात तरंगू लागले, ते सोडियममुळे. असं पाणी जमिनीत खाली जाताना आपल्याच गाळाने वाट बुजवतं. घरी करून बघायचं असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या. विहिरीच्या खारट पाण्यात हे वलय दिसत नाही, कारण त्यातले क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात.

मग रीतसर आकडे. हायड्रोमीटरने चिकणमाती ६२ टक्के. फुगण्या-आकसण्यासाठी आम्ही मातीचा चिखल सुई काढलेल्या सिरिंजमधून काचेवर सोडतो. दहा सेंटिमीटरची कांडी वाळून साडेआठच्याही आत आली. सामू वर ८.३ आणि मीटरभर खाली ९ च्या उंबरठ्यावर. क्षारता मात्र तळापर्यंत कमीच, म्हणजे ही खारवट जमीन नव्हे. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे चिकणमातीच्या कणांवर बसलेलं आणि अदलाबदल होऊ शकणारं, वर ४ टक्के, खाली १६. हे काढताना चुनखडीच्या जमिनीत एक फसगत असते : नेहमीचं अमोनियम अॅसिटेट चुनाही थोडा विरघळवतं आणि कॅल्शियम आहे त्याहून जास्त दिसतं. म्हणून कॅल्शियमसाठी वेगळा द्राव वापरावा लागतो. कमी पैशात दोन तासांत रिपोर्ट देणारी मंडळी ही भानगड करत नाहीत, आणि मग चोपण (सोडियमने बिघडलेली) जमीन कागदावर निरोगी ठरते.

सगळ्यात बोलका आकडा जलवाहकतेचा. माती पाण्याने पूर्ण भिजवून तिच्यातून तासाला किती मिलिमीटर पाणी उतरतं ते मोजतात. वरच्या थरात ११, मधल्या थरात ४, तळाशी १ च्या आसपास. दादांच्या वाफशाच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

आता वाद असा. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं तरच जमीन चोपण, ही रेघ अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली आखली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या चिकण जमिनींवर आपल्याकडच्या संशोधकांनी काम केलं तेव्हा पाच टक्क्यांपासूनच पाणी अडू लागतं असं दिसलं. त्यांचं म्हणणं, सोडियमची टक्केवारी बघण्यापेक्षा वरच्या मीटरभर मातीची सरासरी जलवाहकता तासाला १० मिमीच्या खाली आहे का ते बघा. मी सोळा आणे त्यांच्या बाजूची आहे. मुळांना टक्केवारी कळत नाही, हवा आणि पाणी कळतं.

पण हे सोडियम आलं कुठून? या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी ढोरंसुद्धा तोंडी लावत नाहीत, म्हणून इथे पूर्वी समुद्र असणार असं गावोगाव ऐकायला मिळतं. मातीतल्या सोडियमसाठी समुद्राची गरज नाही. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजात कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही असतात. दगड कुजला की दोन्ही सुटतात. पुढे काय होतं ते पाऊस ठरवतो.

अकोल्याकडे वर्षाला ८०० मिमीच्या आसपास पाऊस, आणि हवेची बाष्पाची मागणी त्याच्या जवळपास दुप्पट. जुलै-ऑगस्ट सोडले तर बहुतेक महिने जमीन घेण्यापेक्षा गमावतेच जास्त. असं असलं की मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो. पाण्यात उरतो सोडियम, तो चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा पटकावतो, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पुढच्या वर्षी पाणी आणखी कमी खोल जातं, खालची माती आणखी वाळते आणि आणखी चुना साचतो. म्हणजे चुनखडीचे ते खडे नुसता साक्षीपुरावा नव्हे, त्यांचाच हात आहे यात. नागपूरकडे हजार मिमीच्या वर पाऊस पडतो. तिथल्या तितक्याच काळ्या, तितक्याच चिकण, त्याच बेसाल्टच्या जमिनीत हे चक्र बऱ्याचदा इतकं फिरत नाही. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही. पाऊसमानाचा तक्ता जोडल्याशिवाय प्रयोगशाळेच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही, तो असा.

उरला भूभाग. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मध्ये खचलेली पूर्णेची दरी. लाखो वर्षांच्या गाळाने भरलेली, काही ठिकाणी शेकडो मीटर. नदी पश्चिमेला जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते, पण उतार इतका मंद की पावसाळ्यात वावरातल्या पाण्याला कुठे जावं सुचत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर भरतो.

सपाट म्हणतो ते वावरही सपाट नसतं. पेढी नदीच्या पाणलोटात झालेल्या अभ्यासात असं आढळलं की किंचित उंचवट्यावरची माती चोपण आणि लगतच्या खोलगट भागातली चांगली, अशा दोन्ही शेजारी नांदतात. पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं. क्षार तर खोलगटात साचायला हवेत ना? पण उंचवट्यावरून पाणी निसटतं, मुरत नाही, आणि खोलगटात थांबून थोडं तरी खाली झिरपतं. दादांना विचारलं, ऑक्टोबरात तूर आधी कुठे माना टाकते? त्यांनी बांधावरूनच हात केला, बरोबर माझ्या खड्ड्याकडे. लेव्हल लावून बघितलं तर ती जागा बाकी वावरापेक्षा गुडघाभरही उंच नव्हती. खोलगटात ऑगरने (मातीत फिरवायच्या गिरमिटाने) घेतलेल्या नमुन्यात मीटरभर खोलीवर सोडियम ७ टक्के निघालं.

या सगळ्यातून मातीचं नाव बनतं : व्हेरी-फाइन, स्मेक्टिटिक, हायपरथर्मिक, सोडिक हॅप्लस्टर्ट. पहिला शब्द हायड्रोमीटरचा, दुसरा फुगणाऱ्या चिकण खनिजाचा, तिसरा पन्नास सेंटिमीटर खोलीवरच्या तापमानाचा, 'उस्ट' पावसाचा, 'सोडिक' त्या १६ टक्क्यांचा. खोलगटातल्या नमुन्याला मात्र ७ टक्क्यांमुळे 'सोडिक' हे विशेषण लागत नाही, आणि तिथेही जलवाहकता तासाला ६ मिमीच आहे. नकाशावर ती माती निर्धोक दिसेल. मला हे पटत नाही, आणि रिपोर्टात मी तसं वेगळं लिहिलंय.

दादांना या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं, सोडियमची जागा घ्यायला कॅल्शियम पुरवणारं जिप्सम किती आणि कुठे. हेक्टरी अडीच टन ही या पट्ट्यातली सर्वसाधारण शिफारस. आम्ही ठरवलं की आधी फक्त उंचवट्यावर टाकायचं, पावसाच्या तोंडावर, वरच्या थरात मिसळून, आणि पाणी तिथून निसटू नये म्हणून आडव्या सऱ्या पाडायच्या. बाकी वावरात रुंद वरंबा-सरी आणि एखाद्या वर्षी धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक. त्याच्या मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्या चुनखडीतलाच कॅल्शियम थोडाथोडा मोकळा करतो, फुकटात. विहिरीचं पाणी द्यायचं नाही. शेततळं मात्र जरूर. या मातीत पाणी मुरत नाही हा दोष तळ्यात गुण ठरतो, प्लॅस्टिकचा कागदही लागत नाही.

खारपाणपट्ट्यातून कुणी नमुना पाठवणार असेल तर एकच पिशवी पाठवू नका. ०–१५, ३०–६० आणि ६०–१०० सेंटिमीटर अशा तीन वेगळ्या पिशव्या, प्रत्येकीवर खोली लिहिलेली. आणि चिठ्ठीत एवढं लिहा : जागा उंचवट्यावर आहे की खोलगटात, पाणी किती दिवस साचतं, आणि तूर आधी कुठे वाळते.